भरतेशचे सहा उंदीर

माझ्या भावाचं यकृत त्या वर्षी सात ठिकाणी होतं. एक त्याच्या स्वतःच्या पोटात आणि बाकीची सहा माझ्या ताब्यात, मिरजेतल्या आमच्या संशोधन केंद्राच्या तळमजल्यावर, डावीकडच्या मांडणीच्या तिसऱ्या फळीवर. पोटातलं बिघडत चाललं होतं. फळीवरची सहा मात्र दर आठवड्याला काट्यावर चढायची आणि वजन वाढल्याचं दाखवायची.

माझं नाव त्रिशला मगदूम. कागदावरचा हुद्दा 'वरिष्ठ प्राणी-साहाय्यक', घरचा हुद्दा 'उंदीरवाली'. जैनाच्या घरची, पाणी गाळून पिणारी बाई, आणि नोकरी उंदरांच्या प्रयोगशाळेत! सुरुवातीला सासूबाई माझ्या हातचं ताक घेत नसत. मग घ्यायला लागल्या, कारण ताक करणारी घरात मीच होते. एकोणीस वर्षं झाली या कामाला. उंदीर उचलावा कसा, त्याला सुई कळणार नाही अशी टोचावी कशी, हे मी केंद्रात नव्याने आलेल्या डॉक्टरांना शिकवते. स्वतःची फुशारकी म्हणून सांगत नाही. आपल्याला सगळं येतं असं वाटण्याचा रोग मला कसा जडला, ते कळावं म्हणून सांगते.

हिपॅटायटिस बीचा विषाणू मोठा नखरेल. त्याला माणसाचंच यकृत लागतं. उंदराच्या पेशीला त्याच्या मापाचं दार नसतं, त्यामुळे साध्या उंदराला तो कितीही टोचा, ढिम्म काही होत नाही. पूर्वीचे संशोधक बदकांवर आणि वुडचक नावाच्या एका गलेलठ्ठ रानटी प्राण्यावर काम करायचे. या जनावरांना विषाणूचे चुलतभाऊ होतात. पण चुलतभावाची चौकशी करून चोर थोडाच सापडतो? चिंपांझीला खरा विषाणू होतो, तर त्याच्यावरचे प्रयोग बंद झाले, आणि झाले ते उत्तमच झालं.

मग वाट निघाली ती अशी, की उंदराच्या पोटात माणसाचं यकृत रुजवायचं. आमचे उंदीर जन्मतःच एक खोट घेऊन येतात. अन्नातला एक घटक त्यांना नीट पचत नाही, त्याचं यकृताच्या पेशींत विष होतं आणि पेशी मरतात. त्यांना जगवायचं तर पिण्याच्या पाण्यातून एक औषध द्यावं लागतं. त्या बाटलीचं बूच निळं, साध्या पाण्याच्या बाटलीचं पांढरं. निळं पाणी बंद केलं की उंदराच्या पेशी गळू लागतात. त्या वेळी माणसाच्या यकृतपेशी टोचल्या, तर रिकाम्या झालेल्या जागेत त्या पसरतात. परक्यांना हाकलणारी प्रतिकारशक्ती या उंदरांत ठेवलेलीच नसते. तीनेक महिन्यांत यकृताचा तीन-चतुर्थांश भाग माणसाचा होतो, आणि मग उंदराला निळ्या पाण्याची गरज राहत नाही. तो त्या माणसाच्या यकृतावर जगतो.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर 'कातरी'साठी. औषधाचं खरं नाव हातभर लांब आहे, आम्ही कातरीच म्हणतो. विषाणू पेशीच्या पोटात आपल्या जनुकांचं एक बारीकसं कडं ठेवून बसतो. रोजच्या गोळ्यांनी तो गप्प राहतो, जात नाही. कातरी ते कडंच कापून टाकते. अडचण अशी की काही माणसांत विषाणूचे तुकडे पेशीच्या स्वतःच्या जनुकांतही शिवले गेलेले असतात. कातरीला आपलं-परकं कळत नाही, ती तिथेही कापते, आणि पेशी मरते. कोणाच्या यकृतात असे टाके किती, ते ज्याचं त्याला. म्हणून नियम असा की आधी तुमच्या यकृताचा सुईच्या अग्राएवढा तुकडा काढायचा, त्यातल्या पेशी वाढवून सहा उंदरांत रुजवायच्या, आणि कातरी पहिल्यांदा त्यांना द्यायची. ते तरले तर मग तुम्ही.

एम-४१७ या क्रमांकाचे सहा उंदीर भरतेशचे होते.

भरतेश चौगुले, माझा धाकटा भाऊ, सांगलीच्या हळदपेठेत हळदीची पारख करतो. मूठभर हळकुंडं हातात घेऊन, एखादं मोडून, वास घेऊन तो माल कुठल्या गावचा ते सांगतो. डोळ्यांत पिवळी झाक दिसायला लागली तेव्हा पेठेत त्याची चेष्टा झाली, की आता चौगुले मालाशी एकरूप झाले. तोही हसला. मी हसले नाही. आमच्या आईचे डोळे असेच झाले होते. माझ्यानंतर आणि भरतेशच्या आधी कुठल्यातरी सुईतून आईला हा विषाणू मिळाला आणि जन्माच्या वेळी तिच्याकडून त्याला. मी सुटले, कारण मी आधी जन्मले. बाळाला पहिल्याच दिवशी लस टोचायची पद्धत तेव्हा आमच्याकडे आली नव्हती. आईच्या गळ्यात काविळीची माळ घातली होती; ती लांब होईल तशी कावीळ उतरते म्हणतात. माळ लांब होत गेली, आई बारीक होत गेली. बावन्नाव्या वर्षी ती यकृताच्या कर्करोगाने गेली. भरतेश बेचाळीस वर्षांचा, आणि त्याच्या यकृतात डॉक्टरांना एक न आवडणारी गाठ दिसलेली. गाठ काढली, पण विषाणू राहिला तर दुसरी येणार हे ठरलेलं होतं.

केंद्राचा दुसरा एक नियम आहे. रुग्ण नात्यातला असेल तर सांगायचं, मग त्याचे उंदीर दुसऱ्याकडे जातात. मी सांगितलं नाही. लग्नानंतर आडनावं वेगळी, विचारणार कोण? क्रमांकामागचं नाव मला कळायला नको होतं, पण त्या आठवड्यात यकृताचा तुकडा एकाच माणसाचा काढला होता आणि त्याला बरोबर घेऊन येणारी मीच होते. माझ्या भावाच्या उंदरांना दुसऱ्या कोणाचा हात लागणार, या कल्पनेनेच माझं डोकं फिरत होतं.

रोज दुपारी त्याचा फोन.

"अक्का, माझी पोरं जेवली का?"

"जेवली. तू जेवलास का?"

"दोन नंबरचं लई खोडकर हाय म्हणतीस, त्याला जरा दटाव. माझं यकृत घिऊन उड्या मारायलंय."

दोन नंबरचा खरोखरच खोडकर होता. पिंजरा उघडला की बाही धरून खांद्याकडे निघायचा.

आता माझ्या करणीकडे येते. अष्टमी आणि चतुर्दशीला माझा उपवास असतो. पंधरवड्यात दोनदा. खूप वर्षांपूर्वी मी मनाशी ठरवलं होतं, की आपण या मुक्या जिवांना इतकं राबवतो, तर माझ्या उपवासाच्या दिवशी त्यांना जरा आराम असावा. ज्यांचे प्रयोग संपलेत अशा उंदरांना त्या दिवशी निळं पाणी द्यायचे. त्याने कोणाचं काही बिघडत नव्हतं. निळं पाणी मिळालं की उंदीर दुसऱ्या दिवशी तरतरीत दिसतो, केस चमकतात.

भरतेशच्या उंदरांना कातरी दिली, आणि आठवड्याभरात ते अंग फुगवून कोपऱ्यात बसायला लागले. दोन नंबरचा बाही धरीना. ती अष्टमीच होती. माझ्या हाताने पांढरं बूच काढलं आणि निळं लावलं. दुसऱ्या दिवशी परत पांढरं लावायचं, तर ते पाणी पिण्यासाठी असे तुटून पडले होते की म्हटलं, असू दे आणखी एक दिवस. मग चतुर्दशीला पुन्हा. मग पुढच्या अष्टमीला. सहा आठवडे. नोंदवहीत मी 'पांढरं' असंच लिहीत होते. एकोणीस वर्षं बाटल्या भरून मला इतकं पक्कं ठाऊक होतं की निळं पाणी उंदराला वाचवतं. उंदराला म्हणजे नेमकं कोणाला, हा पुढचा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही.

निकाल लागला तो डिसेंबरातल्या एका गुरुवारी. आमच्या प्रमुख डॉ. ऋजुता देवस्थळी स्वतः खाली आल्या. बाई मोजकं बोलणाऱ्या, कौतुक तर चिमटीत धरून देणाऱ्या. त्या दिवशी त्यांनी माझा हातच धरला.

"त्रिशला, एम-४१७ मध्ये विषाणू शून्य! सहाच्या सहा! यकृताचा दाह नाही, वजनं वाढलेली. इतका स्वच्छ निकाल मी अजून पाहिला नव्हता. रुग्णाला सोमवारी बोलावलंय पहिल्या डोससाठी."

मी त्यांच्यासमोर रडले. त्यांना वाटलं, बाई हळवी आहे. वजनाच्या आलेखाची एक प्रत त्यांनी मला दिली, म्हणाल्या, "ही तुझ्याकडे ठेव. हे तुझ्या हाताचं यश आहे."

शुक्रवारी संध्याकाळी भरतेश, त्याची बायको स्नेहल आणि त्यांची पिहू आमच्याकडे जेवायला आली. पुरणाचा बेत. भरतेश पेढे घेऊन आला होता आणि स्वतःच निम्मे संपवत होता. पिहूने तो आलेख भिंतीवर लावायचा हट्ट धरला, "आत्या, बाबांच्या उंदरांचा फोटो!" म्हणत. तिला उंची पुरेना, म्हणून मी लावला. भिंतीवर दिनदर्शिका होती, तिच्याच शेजारी.

आलेखाची रेघ चढत होती, पण सरळ नाही. खाली येई, मग फुगवटा. खाली, फुगवटा. माझी नजर सहज दिनदर्शिकेवर गेली. पहिला फुगवटा अष्टमीनंतर. दुसरा चतुर्दशीनंतर. मी बोट ठेवून एकेक तिथी जुळवली. सगळ्या जुळल्या. आणि फुगवट्यांच्या मधे काय होत होतं तेही दिसलं. निळं पाणी नसलं की प्रत्येक उंदीर खचत होता.

कातरी देऊन आठवडा होत नाही तोच हे उंदीर अंग फुगवून का बसले होते? त्यांच्या पोटातलं माणसाचं यकृत मरत होतं म्हणून. मी निळं पाणी पाजलं, आणि रिकाम्या होणाऱ्या जागेत उंदरांच्या स्वतःच्या पेशी पुन्हा उगवल्या. वजन वाढलं ते उंदराच्या यकृताने. दाह दिसला नाही, कारण उंदराचं यकृत ठणठणीत होतं. विषाणू शून्य झाला, कारण त्याला राहायला माणसाच्या पेशीच जवळजवळ उरल्या नव्हत्या. घर पाडलं की भाडेकरू जातोच की! आणि सोमवारी तेच औषध माझ्या भावाला टोचणार होते. त्याच्या पोटात उंदराच्या पेशी थोड्याच उगवणार होत्या?

"अक्का, पुरणपोळी करपायली बघ," भरतेश आतून ओरडला.

मी पोळी उलटली. वाढलं. त्याने चार खाल्ल्या. कित्येक महिन्यांनी त्याला इतकी भूक लागली होती, आणि मी पाचवी तव्यावर टाकली.

आम्ही वर्षातून एकदा सगळ्यांची क्षमा मागतो. कळत-नकळत काही चुकलं असेल तर, असं म्हणतो. ती मागायला सोपी असते, कारण ती सगळ्यांनी सगळ्यांची मागायची असते. शनिवारी सकाळी डॉ. ऋजुतांच्या दारात उभी राहिले तेव्हा मला कळलं की खरी क्षमा मागणारा एकटा असतो. नोकरीची भीती होतीच. त्याहून मोठी भीती अशी, की माझं म्हणणं खरं निघालं तर मी भरतेशच्या हातातलं औषध स्वतःच्या हाताने काढून घेणार होते.

सगळं सांगितलं. नातं, निळी बाटली, तिथ्या, खोट्या नोंदी. डॉक्टरांचा चेहरा दगड झाला.

"त्यांच्या रक्तातलं मानवी प्रथिन आपण कधी मोजलं होतं?" त्यांनी विचारलं. मला विचारत होत्या की स्वतःला, कोण जाणे.

"कातरी द्यायच्या आधी. एकदाच."

यकृत किती माणसाचं आणि किती उंदराचं, हे त्या प्रथिनावरून कळतं. पण उंदराच्या अंगात रक्त ते किती, अर्धा चमचासुद्धा नाही. एकदा रुजलं की टिकतं, मग पुन्हापुन्हा थेंब कशाला घालवा, अशी सगळ्यांची समजूत. निकालाच्या तपासणीतले गोठवून ठेवलेले उरलेले थेंब त्यांनी स्वतः काढले आणि यंत्रात घातले. यंत्राला दोन तास लागले.

सुरुवातीला अठ्ठ्याहत्तर टक्के होतं. आता अकरा.

डॉ. ऋजुतांनी तो आकडा वहीत उतरवला. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "सोमवारी मी त्याला मारलं असतं."

"मी मारलं असतं, मॅडम."

"भांडू नकोस. दोघींनी मिळून." आणि मग त्या भडकल्या. एकोणीस वर्षांत त्यांचा आवाज कधी चढलेला ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला. माझं काही चुकीचं नव्हतं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि ते मला आवडलं. मला उंदरांच्या खोलीतून काढलं. नोकरी राहिली, पण धुण्याच्या खोलीत. वापरलेले पिंजरे आणि बाटल्या तिथे येतात, उकळत्या पाण्याने धुवायच्या, वाळवायच्या, परत पाठवायच्या. चौकशी होईपर्यंत हेच.

भरतेशला मात्र मीच सांगितलं, त्याच संध्याकाळी, त्याच्या घरी. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"विषाणू गेलावता का न्हाई?"

"गेला होता, पण..."

"गेलावता न्हवं? मग झालं तर! तू पाणी पाजलंस म्हणून आता सगळं बंद? अक्का, ती गाठ परत आली तर मला कोण पाणी पाजणार हाय?"

"भरत्या, तुझं यकृत राहिलं नसतं रे."

"हे तुझं म्हणणं. मॅडम गुरुवारी एक म्हणत्यात, शनिवारी दुसरंच. तू माझी भैन हायस का त्या उंदरांची, ते आधी ठरव."

स्नेहल त्याला गप्प करायला गेली तर तो उठून बाहेर गेला. दुपारचे फोन बंद झाले. मी केला तर स्नेहल उचलायची, "बरे आहेत, वन्सं" म्हणायची, आणि मागे त्याच्या खोकल्याचा आवाज यायचा.

त्या सहा उंदरांना डॉक्टरांनी सोमवारपासून नियमाप्रमाणे फक्त पांढरं पाणी ठेवलं. काय होतंय ते खरं खरं कळायला हवं होतं, आणि आता निकाल माझ्यापासून लपवायलाही हवा होता. पण धुण्याच्या खोलीपासून काय लपतं? नवव्या दिवशी, बुधवारी, रिकाम्या पिंजऱ्यांच्या थप्पीत एक पिंजरा आला, त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, एम-४१७, दोन. दोन दिवसांनी पाच नंबरचा आला. उरलेल्या चौघांचे हाल डॉक्टरांनी पुढे ओढले नाहीत, निळं पाणी सुरू केलं. दोन नंबरचा पिंजरा मी हाताने घासला. बाही धरून वर चढायचा तो. मी तिथे उभी राहून मनसोक्त रडले. त्याच्यासाठी रडले आणि भरतेश जिवंत आहे म्हणूनही रडले, दोन्ही एकदमच. भरतेशला हे कळवावं असं फार वाटलं. नाही कळवलं. मेलेल्या उंदराला साक्षीला उभं करून भावाशी वाद जिंकायचा, हे काही मनाला पटेना.

गोठवलेल्या पेशींतून डॉ. ऋजुतांनी नवे बारा उंदीर रुजवायला घेतले. सहांना कातरी पूर्वीइतकीच, पण आठ भागांत, एकेका आठवड्याच्या अंतराने. सहांना तिचाच एक नवा प्रकार, थोडा मवाळ, तोही आठ भागांत. कल्पना अशी, की एका वेळी थोड्याच पेशी मराव्यात आणि शेजारच्या निरोगी पेशींना वाढून जागा भरायला सवड मिळावी. यकृताचा तो गुण मोठा. त्याला वेळ दिला तर ते स्वतःला सावरतं. आणि आता मानवी प्रथिन दर आठवड्याला मोजायचं, रक्ताचा थेंब जातो तर जाऊ दे.

मी बाटल्या धूत होते. जानेवारी गेला, पेठेत नवी हळद आली. प्रत्येक सकाळी मी चिठ्ठ्या बघायची. एम-४१७चा रिकामा पिंजरा येतो का? फेब्रुवारीत नाही आला. मार्चमध्ये नाही. मे संपला तरी नाही. रिकामं न येणं यात इतकं सुख असतं हे मला त्या वर्षी कळलं.

जूनमध्ये डॉ. ऋजुता धुण्याच्या खोलीत आल्या. वाफेने त्यांचा चष्मा धुरकटला, तो पुसत म्हणाल्या, "मवाळ कातरी, आठ भागांत. विषाणू शून्य. मानवी प्रथिन सत्तर टक्के. हा आकडा मी तीनदा मोजलाय. उद्या तुझ्या भावाला बोलावलंय, पण या वेळी त्याला सगळं सांगायचं, पहिल्या चाचणीसकट. संमती द्यायची तर माहिती पूर्ण हवी."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला धुण्याच्या खोलीचं दार उघडलं आणि भरतेश आत आला. सहा महिन्यांत माणूस बारीक झाला होता. हातात संमतीचे कागद.

"दोन नंबरचं नवव्या दिवशी गेलं म्हणं," तो म्हणाला.

"हो."

"मला सोमवारी टोचणार होते." तो बोटांवर मोजायला लागला. "नववा दिवस म्हंजे बुधवार. त्या बुधवारी पिहूच्या शाळेत गॅदरिंग होतं, अक्का. तिनं मोराचा नाच केलावता. मी पहिल्या रांगेत बसलोवतो."

"माणसाचं गणित उंदरासारखं नसतं रे..."

"मॅडमनी सांगितलं ते. तरी मोजलंच मी." कागद त्याने बाजूला ठेवले. "तुला तवाच ठावं होतं का? त्या बुधवारीच?"

"पिंजरा धुवायला आला होता माझ्याकडे."

"मग सांगितलं का न्हाईस? सहा महिने मी तुझ्यासंगं एक शब्द बोललो न्हाई!"

माझे हात साबणाचे होते. त्याने तसेच धरले आणि लहानपणी पडल्यावर रडायचा तसा मोठ्याने रडला. नंतर नाक पुसत म्हणाला, "चल वर. टोचताना बाहेर बस. एकटं बसाय भ्या वाटतंय." मी पदराने हात पुसले आणि गेले.

ऑगस्टात चौकशी संपली आणि मला उंदरांची खोली परत मिळाली. डॉ. ऋजुतांनी नोंदवहीत एक नवा रकाना घातला होता. प्रत्येक पिंजऱ्यापुढे 'वजन', 'पाणी', 'खाणं' आणि शेवटी 'दया'. कोणाला कोणत्या उंदराची दया आली, कधी, आणि काय करावंसं वाटलं, ते लिहायचं. करायचं नाही, आधी लिहायचं. मग बसून ठरवायचं. मला वाटलं हा रकाना माझ्यासाठीच. पहिल्या महिन्याची पानं चाळली तर माझ्या नोंदी पाच होत्या आणि डॉ. ऋजुतांच्या अक्षरात सात.

भरतेशचे आठही भाग ठरल्या वेळी झाले. मधे दोनदा ताप आला, एकदा दाहाचे आकडे चढले तेव्हा आमचं कोणाचंच आठवडाभर जेवणात लक्ष नव्हतं. मग उतरले. शेवटच्या तपासणीसाठी यकृताचा तुकडा पुन्हा काढला आणि नोव्हेंबरात अहवाल आला. तो घेऊन भरतेश थेट घरी आला, पेठेतला हळदीचा पिवळा सदरा अंगावर तसाच. डोळे मात्र पांढरेशुभ्र.

"वाच," म्हणाला. "मोठ्यानं वाच. मी अजून उघडलेलं न्हाई."

मी कागद उघडला. वरच्या ओळीवर मी हात ठेवला.

"अगं, वरचीच तर वाचायची हाय!"

"गप्प बस जरा. आधी खालची."

खालची ओळ मी दोनदा मनात वाचली आणि तिसऱ्यांदा मोठ्याने. यकृताच्या पेशी निरोगी, प्रथिन पूर्ण प्रमाणात. घर शाबूत होतं. तेव्हा कुठे मी हात काढला आणि वरची ओळ वाचली, विषाणू आढळला नाही.

भरतेश मटकन खाली बसला. मीही त्याच्याजवळ बसले.